पिवळ्या गाडीचा फोम

हा प्रकार मी कुणाला सांगणार नव्हतो. पण आमचा इकबालभाई रिक्षात बसलेल्या प्रत्येक पॅसेंजरला रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत हाच किस्सा सांगत सुटलाय, आणि तोही तिखटमीठ लावून. परवा चौलच्या एक म्हाताऱ्या बाई माझ्या दुकानात आल्या आणि विचारतात, "ते उंदीरवाले तुम्हीच का?" आता काय म्हणायचं याला? अहो, उंदीर नव्हताच. मुळात उंदराचा काही संबंधच नाही. म्हणून म्हटलं, आपली फजिती निदान आपल्या तोंडून तरी नीट बाहेर पडावी. बसा. चहा सांगितलाय.

तर माझं रेवदंड्याला कुशनचं दुकान आहे. रिक्षाच्या सीटा, मोटारसायकलच्या गाद्या, हॉलच्या खुर्च्या. सव्वीस वर्षं फोम कापतोय. बोटाने दाबून सांगतो हा फोम किती पावसाळे काढेल. बढाई मारत नाही. बरं, थोडी मारतो, पण खोटी नाही.

आणि एवढं असून माझ्या मनात एकच सल होता. किहीमचे बंगले. मुंबईकरांचे बंगले हो, नारळाच्या वाड्यांमधले. प्रत्येक बंगल्याला व्हरांडा, व्हरांड्यात झोपाळा, झोपाळ्यावर गादी, आणि ती गादी कुठून येते? मुंबईहून. खाऱ्या हवेत एका पावसात कुजते, की पुन्हा मुंबईहून दुसरी येते. मी इथे रेवदंड्याला हातात सुरी घेऊन बसलोय, आणि मला कोणी विचारत नाही. संताप येणार नाही तर काय होईल माणसाचं?

अशात जानेवारीत एका दुपारी दुकानासमोर एक पिवळी गाडी येऊन उभी राहिली. दोन दारांची, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की तिच्यातून उतरणारा माणूस आधी हातांवर भार देतो, मग गुडघे बाहेर काढतो, आणि मग सावकाश उभा राहतो. उभा राहिला तो पस्तिशीचा तरुण. नाव रोहन. किहीमला त्याच्या वडिलांचा बंगला. 'किहीम' म्हटल्याबरोबर मी खुर्ची पुसून दिली.

"काका, फोमचं काम तुम्हीच करता ना?"

"दुसरं काय करतो?"

"माझ्या गाडीत इंजिनचा आवाज येत नाही."

मी गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "चांगलं आहे की."

"नाही काका. आला पाहिजे."

आता तुम्हीच सांगा. सव्वीस वर्षं माझ्याकडे माणसं येतात ती आवाज बंद करायला. टपाचा खडखडाट बंद करा, दरवाज्याची खरखर बंद करा, गाडीत बसल्यावर बायकोचं बोलणं ऐकू येत नाही तेवढं बघा. एक तर उलटाही आला होता, बायकोचं बोलणं ऐकू येतं म्हणून. पण इंजिनचा आवाज आत आणा म्हणणारा हा पहिला.

मग त्याने समजावलं. त्या गाडीत म्हणे इंजिनपासून डॅशबोर्डच्या मागे एक मनगटाएवढी नळी आणलेली असते. कशासाठी? इंजिनचा आवाज आत यावा म्हणून. आणि त्याच नळीच्या तोंडात कंपनी फोमचा बोळा कोंबते. कशासाठी? आवाज फार येऊ नये म्हणून. वर डॅशबोर्डच्या मागे फोमची जाड लादी. नळी द्यायची, तिच्यात बोळा घालायचा, आणि दोन्हीचे पैसे गिऱ्हाईकाकडून घ्यायचे. मला तर ऐकूनच राग आला.

मुंबईच्या एका गॅरेजवाल्याने बोळाच काढून टाकला होता, तर आत ट्रॅक्टर घुसल्यासारखं झालं. दुसऱ्याने परत जास्त कोंबला, तर गाडी मुकी झाली. रोहन म्हणाला, "काका, फोम काढायचा नाहीये आणि भरायचाही नाहीये. तो समजून कापायचाय. आवाज आला पाहिजे, पण गोड आला पाहिजे."

फोम समजून कापायचाय. असं वाक्य माझ्या आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मी तिथेच विरघळलो.

त्यात तो पुढे म्हणाला, "आमच्या गल्लीत अकरा बंगले आहेत. सगळ्यांच्या गाद्या, सोफे या वर्षी नवीन करायचेत. ते सगळं आमच्या शेजारच्या मॅडम बघतात, त्या म्हणतील तो माणूस फायनल. रविवारी सकाळी त्या गाडीतलं तुमचं काम बघतील. आवडलं, तर अकराच्या अकरा बंगले तुमचे."

अकरा बंगले. मी त्याला दुसरा चहा पाजला.

कामाला लागलो. बोळा काढला, लादी काढली. दोन्ही गॅरेजवाल्यांच्या हाताचं काळं तेल आणि धूळ यांनी फोमची पार रया गेलेली. असला मळका फोम मी हातात धरत नाही. साबणाच्या पाण्यात बुडवला, चार वेळा पिळला, स्वच्छ केला. आता वाळवायचा कुठे? दुकानापुढे सावली. मागच्या अंगणात शेजारच्या बायजाकाकीचे बोंबील सुकवायचे बांबू आहेत, तिथे दिवसभर ऊन असतं आणि खाडीवरून वाराही छान येतो. आमच्याकडे सगळं तिथेच वाळतं. माझी रिक्षाची सीटकव्हरं तिथेच वाळतात, पोरांचे शाळेचे युनिफॉर्म तिथेच वाळतात. आजपर्यंत कोणा गिऱ्हाईकाची तक्रार नाही.

"काकी, बांबूवर जरा जागा दे गं. मुंबईवाल्याच्या गाडीचं सामान हाय."

"घे की. पन माजे बोंबील पाडू नको," काकी म्हणाली.

दोन दिवस फोम बोंबलांच्या दोन रांगांमध्ये टांगला होता. काकीची माया बघा, दुपारी बोंबील उलटे करायला आली की फोमही उलटा करायची. अशी शेजारीण मुंबईत मिळेल का?

वाळल्यावर मी हुंगून बघितला. हो, बघितला. साबणाचा वास राहायला नको ना, गिऱ्हाईक मोठं होतं. काही वास नव्हता. काकीला हुंगायला लावला. "कसला वास? काय वास न्हाय." रिक्षा लावून इकबालभाई आला होता, त्यालाही दिला. त्याने फोम नाकाला लावून डोळे मिटले आणि म्हणाला, "एकदम साफ." एकाला तीन माणसांनी खात्री केली, आणि हेच लोक आज मला निष्काळजी म्हणतात!

मग कापणं. लांब सुरीने पापुद्रा पापुद्रा काढायचा, बोळा नळीत बसवायचा, इंजिन चालू करायचं, ऐकायचं. इकबालभाईला मी शेजारच्या सीटवर बसवला होता. बसवला म्हणजे भरला, कारण तो अंगाने आहे भरभक्कम आणि गाडी ही एवढीशी. पहिल्या वेळी काहीच नाही. दुसऱ्या वेळी नुसती भणभण. मग मी बोळ्याला मधोमध एक आरपार भोक पाडलं, लादी अर्धी केली, कडा तिरक्या केल्या. पाचव्या वेळी ॲक्सिलरेटर दाबला आणि सांगतो तुम्हाला, आत जो आवाज आला ना, खोल, भरदार, घसा साफ असलेल्या माणसाचा. माझ्या अंगावर काटा आला.

"कसा वाटतो?" मी इकबालभाईला विचारलं.

"एवढा आवाज माझ्या रिक्षात फुकट येतो," तो म्हणाला.

जाऊ दे. ज्याला कान नाही त्याला काय सांगायचं.

शनिवारी दुपारी रोहन आला. आत बसला, इंजिन चालू केलं, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेर येऊन त्याने मला चक्क मिठी मारली. "काका, तुम्ही आर्टिस्ट आहात." एक शब्द वासाबद्दल नाही. इथे लक्ष द्या, एक शब्द नाही. काच खाली, वारा येतोय, सगळं रेवदंडा त्याला टाटा करतंय, आणि गाडी गेली.

पाऊण तासाने फोन.

"काका, गाडीत काहीतरी मेलंय."

"काय मेलंय?"

"उंदीर असणार. नागाव सोडलं, काचा वर केल्या, एसी लावला, आणि काका... मी गाडी सोडून रस्त्यावर उभा आहे."

मी भडकलो. का नाही भडकणार? म्हटलं, "रोहनभाऊ, माझ्या दुकानात उंदीर नाही. तुमच्या बंगल्यावर गाडी महिनाभर बंद उभी असते. उंदीर तुमचा आहे, किहीमचा आहे. फक्त तो मेला माझ्या नावावर."

"काका, उद्या मॅडम येणार आहेत."

"मी सकाळीच येतो. गाडी सगळी खोलतो आणि उंदीर तुमच्या हातात देतो."

रविवारी आठ वाजता इकबालभाईच्या रिक्षातून मी हत्यारं घेऊन किहीमला हजर. गाडी नारळाखाली उभी. बॉनेटवर दोन मांजरं पसरलेली, तिसरं पुढच्या जाळीत नाक घालून बसलेलं. मी रोहनला म्हटलं, "बघा. तीन-तीन मांजरं पाळताय आणि तरी उंदीर. खाऊन माजलीत नुसती." तो म्हणाला ही मांजरं त्याची नाहीत, काल संध्याकाळपासूनच आली आहेत. मी म्हटलं, सगळे असंच सांगतात.

दोन्ही सीटा काढून रस्त्यावर ठेवल्या. गालिचा काढला. डिकी रिकामी केली. इकबालभाई गाडीखाली गेला, मग त्याला ओढून काढायला दोन माणसं लागली. उंदीर नाही. उंदराची लेंडीसुद्धा नाही. मी नाक आत घातलं, भरपूर श्वास घेतला. वास नाही. इकबालभाईने घेतला. "अल्ला कसम, काही वास नाही."

आता माझा तोल जायला लागला. म्हणजे उंदीर नाही, वास नाही, आणि नाव मात्र माझं खराब.

तेवढ्यात मॅडम आल्या. पांढरे केस, कडक इस्त्रीची साडी, मागे गल्लीतली सात-आठ माणसं. अकरा बंगल्यांची चावी माझ्यासमोर उभी होती, आणि माझ्यामागे रस्त्यावर दोन सीटा पडलेल्या.

"हे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या.

रोहन हळूच म्हणाला, "मॅडम, गाडीत थोडा वास येतोय."

"वास नाही," मी म्हटलं. "मॅडम, हे नाक सव्वीस वर्षं फोममध्ये आहे. वास असता तर आधी मला आला असता. मुंबईच्या हवेत राहून या मुलाचं नाक बिघडलंय, त्याला मी दोष देत नाही. पण तुम्ही स्वतः बसा. मी सीटा लावतो, काचा बंद करतो, इंजिन चालू करतो. आवाजही ऐका आणि वासही शोधा."

रोहन मागून हाताने नाही-नाही करत होता. मला वाटलं घाबरला बिचारा. सीटा लावल्या. मॅडमना आत बसवलं. शेजारी स्टिअरिंगपुढे मी बसलो. काचा वर. एसी सुरू. आणि मी ॲक्सिलरेटर दाबला.

आवाज काय आला! मी मॅडमकडे बघत सांगायला लागलो की बोळ्याला भोक कसं पाडलं, लादी कशी तासली, आता या नळीतून आवाज थेट आपल्यापर्यंत कसा येतो. त्यांचे डोळे मोठे झाले होते, मला वाटलं आवाजाने भारावल्या. मी आणखी दाबला. इंजिन चांगलं तापलं. मी छाती भरून श्वास घेतला, सोडला, म्हटलं, "बघा मॅडम, आहे काही वास?"

मॅडमनी पदर नाकाला लावला आणि दार उघडायची खटपट सुरू केली. दार काही उघडेना, कारण त्या गाडीचं हँडल कुठे असतं ते कंपनीलाच माहीत. शेवटी रोहनने बाहेरून उघडलं आणि मॅडम कशाबशा बाहेर आल्या. मी आत एकटाच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून.

"उंदीर नाही, उंदरांचं अख्खं खानदान मेलंय," मॅडम लांब जाऊन म्हणाल्या.

मी बाहेर आलो आणि मग मात्र सगळं बोललो. म्हटलं, तुम्हा लोकांना रेवदंड्याचा माणूस नको असतो, सरळ सांगा ना. मुंबईहून कुजकी गादी चालते, पण इथल्या माणसाने जीव ओतून काम केलं की त्यात उंदीर दिसतो. तीन जणांनी हुंगलेला फोम आहे तो. रेवदंड्यात कोणालाही विचारा. एका माणसाला वास आला असेल तर मी हा धंदा सोडतो.

इकबालभाई तर माझ्याकडे अभिमानाने बघत होता.

आणि नेमकी तेव्हाच मॅडमच्या बंगल्यावर काम करणारी मंदा हातात खराटा घेऊन फाटकातून बाहेर आली. पोयनाडकडच्या गावातली, भाताच्या शेतीतली बाई. दोन पावलं आली, थांबली, वर बघितलं, खाली बघितलं.

"बोंबील कोन भाजतंय?" ती म्हणाली.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"अवो, सुका बोंबील भाजतोय कोनतरी. एकदम झकास हाय, उनात चांगला वाळलेला." ती वास घेत घेत सरळ गाडीपर्यंत गेली, मांजराला बाजूला सारलं आणि बॉनेटवर हात ठेवला. "हितंच हाय."

मला त्या क्षणी काय झालं ते कसं सांगू? ते बांबू डोळ्यांसमोर आले. दोन रांगा बोंबील, मधोमध माझा फोम. काकी येतेय, बोंबील उलटे करतेय, फोम उलटा करतेय. दोन दिवस त्या फोमने ऊन प्यायलं आणि बोंबीलही प्यायले. आणि मी त्याला मधोमध भोक पाडून, नळीत घालून, तापत्या इंजिनापुढे ठेवून, थेट गिऱ्हाईकाच्या नाकापर्यंत वाट करून दिली होती. आम्हा तिघांना वास कसा येणार? आम्ही जन्मल्यापासून त्यातच श्वास घेतोय.

रोहनने माझ्याकडे बघितलं. "काका, फोम कुठे वाळवला होता?"

मी खोटं बोलणार होतो. पण इकबालभाईने आधीच सांगून टाकलं, "बोंबलांच्या बांबूवर. दुसरीकडे कुठे वाळवणार?"

आणि आता माणसांची गंमत बघा. दोन मिनिटांपूर्वी याच लोकांना मेलेल्या उंदराचा वास येत होता. बोंबील म्हटल्याबरोबर सगळे गाडीभोवती जमले. एकजण म्हणतो, खरंच की हो, खरपूस येतोय. दुसरा म्हणतो, आज जेवायला काय आहे. मॅडमनी पदर खाली घेतला, पुन्हा वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, इतका चांगला बोंबील मुंबईत मिळत नाही. कुठून घेता?" मघाशी माझ्या कामात उंदरांचं अख्खं खानदान मेलं होतं, आणि आता कुठून घेता!

"मॅडम, मी कुशनवाला आहे," मी म्हटलं.

"हो हो, कळलं ते. पण बोंबील देऊ शकाल का?"

रोहनला मी नवीन फोम कापून दिला, दुकानातच पंख्याखाली ठेवलेला. त्याने दोन दिवस लावला आणि परत आणून दिला. आवाजात ती मजा नाही म्हणाला. जुनाच पाहिजे. मी तोच बोळा, तीच लादी पुन्हा बसवून दिली. आता तो काचा खाली करून गाडी चालवतो. त्याने वास येत नाही. पण वाऱ्यामुळे इंजिनही ऐकू येत नाही. आपल्याला काय, त्याचा तो बघून घेईल.

अकरा बंगल्यांची ऑर्डर मला मिळाली. अकराच्या अकरा. दर शनिवारी इकबालभाईच्या रिक्षातून मी स्वतः पोचवतो, प्रत्येक दारात अर्धा किलो, बायजाकाकीच्या हातचे. काकी खूश, इकबालभाई खूश. मी आपला प्रत्येक व्हरांड्यात उभा राहून झोपाळ्याच्या गाद्यांकडे बघतो. पण मॅडमशी गाद्यांचा विषय काढायला तोंड नव्हतं, म्हणून म्हटलं, जरा दिवस जाऊ देत, एकदा विश्वास बसला की विचारू.

गेल्या शनिवारी विचारलं. मॅडम झोपाळ्यावर बसल्या होत्या. गादी नवीकोरी. मी हात लावून दाबून बघितली. तीन पावसाळेसुद्धा काढणार नाही असला फोम.

"मॅडम, ही कुठून केली?"

"पनवेलहून माणूस बोलावला होता. अकराही बंगल्यांचं केलं त्याने. का हो?"

"नाही, म्हटलं मला सांगायचं."

मॅडम झोका थांबवून माझ्याकडे बघायलाच लागल्या. "अय्या," म्हणाल्या, "तुम्ही कुशनचंही करता का?"

करतो म्हटलं. फावल्या वेळात.